खुर्चीचा हात

वैशाखात विहिरी तळ दाखवतात
आणि माझं दुकान भरतं.
कोरड्या फिरून जळालेल्या मोटारी,
पोटात करपल्या वार्निशचा वास.
जुनं तांबं उपसतो, नवं भरतो.
जुनं भंगारात, किलोवर.
त्यातलं मूठभर वैजनाथ पांचाळ नेतो,
निवडून. बावीस गेज. गाठ नसलेलं.

जाळात वार्निश उडवायचं,
रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवायचं.
सकाळी ऐरणीवर हलक्या हातानं चपटं,
इतकं, की कडेवर उभं केलं
तर आहे का नाही, प्रश्न पडावा.

सुतारकी त्याच्या बापाची.
तार ठोकणं आजोळचं, बिदरचं.
तिथं काळ्या धातूत चांदी बसवतात,
हा उदगिरात बसून
शिसवात तांबं बसवतो.
खाच तारेहून जराशी अरुंद.
तार ठोकली की वरून पाण्याचं एक बोट.
लाकूड फुगतं,
ओठ मिटावेत तसं मिटतं
आणि सोडत नाही.
मग कानस. मग पॉलिशपेपर.
मग डोळे झाकून अंगठा.
"अंगठ्याला कळली तर ती तार नव्हं, काटा."
तीस वर्षांत त्यानं शिकवलेलं
एवढंच.

कमरुन्निसा आपा रिक्षातून खुर्ची घेऊन आल्या.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
साऱ्या तालुक्याचे ट्रंककॉल जोडले त्यांनी.
आता डोळे गेलेत,
आणि खुर्चीचा उजवा हात.
"नवा बसव. वर तार ठोक."
"वेल काढू आपा? मोर?"
"मेरेकू दिसता नै रे, मोर लेके क्या करूं?
चौबाऱ्यापासून एक्स्चेंजपर्यंतचा माझा रस्ता काढ.
वळणं बरोबर पाहिजेत.
आणि हाताला लागली पाहिजेत."

मी सायकलवर पायडल मोजत गेलो,
सिगारेटच्या पाकिटावर वळणं लिहून आणली.
आपांनी ऐकून दोन खोडली.
"तिथं हौद होता, वळसा घालावा लागायचा."
हौद बुजून वीस वर्षं झाली.
वैजनाथनं वळसा घातला.

तार बसली.
कानस लावली, आणि केसभर उरली तिथं थांबला.
तीन दिवस ती खुर्ची समोर,
हात आपोआप कानशीकडं जायचा.
"काय करलालास?" मी विचारलं.
"काई नाही. हात थांबवलालाव."

पौषातली सकाळ. आपांनी तळवा टेकला,
एका बोटानं चौबाऱ्यातून निघाल्या,
आणि हौदाच्या अलीकडंच थबकल्या.
"वर का ठेवलीस? घास."
"मग लागणार नाही, आपा."
"लाकूड कोमट आहे, वैजनाथ. तांबं गार.
मी गारव्यावरून जाईन."

त्यानं घासली.
इतकी, की मीही अंगठा फिरवून पाहिला
आणि मला फक्त शिसव सापडलं.

परवा त्यांच्या मिक्सरची मोटार घेऊन गेलो होतो.
विचारलं, उन्हाळ्यात कसं?
म्हणाल्या, "वैशाखात चटका बसतो, भरभर चालते.
पण होळीच्या आसपास दोन-चार संध्याकाळी असतात बघ,
माझं बोट आणि तांबं, सारखीच ऊब.
तेव्हा रस्ता नसतो."
"मग?"
"मग काय? बसून राहते.
कुणाला घाई आहे?
कॉल तर सगळे कधीच लागले."

वैजनाथला येऊन सांगितलं.
तो भुसा फुंकत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला,
हौदाच्या वळशात एक सांधा आहे.
तार पुरली नव्हती.
दुसऱ्या मोटारीची जोडली.
त्यांना कळला का?

कळला असेल.
मी विचारलं नाही.